‘चालतं का?’ : बल्गारांच्या शंका आणि पोपची १०६ उत्तरं

एकादशीला भगर चालते का? सुतकात देवळात गेलेलं चालतं का? असे प्रश्न आपल्याकडे आजीला विचारतात, आजीला नक्की माहीत नसेल तर गुरुजींना. ८६६ साली बल्गेरियाच्या राजाला असेच शंभरेक प्रश्न पडले. त्याने ते थेट रोमला धाडले आणि पोप निकोलस पहिले यांनी एकेक करून सगळ्यांना उत्तर दिलं. मध्ययुगाच्या पहिल्या शतकांत पोप नीतिअनीतीचा विचार कसा करत, हे समजून घ्यायला या पत्राइतकं मोकळं आणि कधीकधी इतकं गमतीदार साधन दुसरं नाही. विद्वानांचे जाड ग्रंथ पुष्कळ आहेत, पण त्यांत विजार घालावी की नाही हे कोणी विचारलेलं नाही.

हे पत्र नेमकं काय आहे?

लॅटिनमधलं १०६ कलमांचं एक लांबलचक उत्तर. बल्गार राजा बोरिस याचे दूत ८६६ च्या ऑगस्टमध्ये रोमला पोचले आणि नोव्हेंबरात उत्तर तयार झालं. पोर्तोचा बिशप फॉर्मोसस आणि पोप्युलोनियाचा बिशप पॉल हे दोघे ते घेऊन बल्गेरियाला निघाले. निकोलस ८५८ ते ८६७ एवढीच वर्षं पोप होते, म्हणजे हे काम कारकिर्दीच्या अखेरीचं. मजकूर बांधण्यात पोपच्या दरबारातला ग्रीक जाणणारा पंडित अनास्तासियस याचा हात असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

मूळ प्रश्न वाचायला मिळतात का?

नाही. उत्तरपत्रिका उरली, प्रश्नपत्रिका गेली. पण निकोलस बहुतेक कलमांची सुरुवात ‘तुम्ही असं विचारता की…’ अशी करतात, त्यामुळे प्रश्न कळतो. घोड्यावर बसणारं, शकुन पाहणारं, तलवारीवर हात ठेवून शपथ घेणारं एक अख्खं राज्य त्या अर्ध्या अर्ध्या वाक्यांतून दिसतं. बल्गारांच्या त्या काळच्या रोजच्या जगण्याबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या पत्रातूनच आलेलं आहे.

बाप्तिस्मा कॉन्स्टँटिनोपलकडून आणि शंका रोमला, असं का?

यात भक्ती किती आणि राजकारण किती, हे वेगळं करता येत नाही. ८६४ च्या सुमारास बायझंटाइन साम्राज्याच्या (ग्रीक भाषेचं राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल) लष्करी दडपणाखाली बोरिसने बाप्तिस्मा घेतला. सम्राट मायकेल तिसरा त्याचा धर्मपिता झाला, म्हणून बोरिसनेही मायकेल हेच नाव घेतलं. त्यानंतर कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू, फोटिओस याने त्याला एक भलंमोठं पत्र पाठवलं. त्यात धर्मसभांचा इतिहास होता, आदर्श राजाची लक्षणं होती, भाषा तर अप्रतिम होती. फक्त बोरिसच्या अडचणींना त्यात कुठेच उत्तर नव्हतं. शेतकऱ्याने पेरणीचं विचारावं आणि आपण त्याला व्याकरण शिकवावं, तशातली गत.

त्यातच ग्रीक धर्मगुरू गावोगाव ‘हे पाप, तेही पाप’ म्हणत फिरत होते. बोरिसला स्वतःचा पॅट्रिआर्क हवा होता, तोही मिळेना. इकडे निकोलस आणि फोटिओस यांचं आधीच वाजलेलं होतं. फोटिओसची नेमणूकच रोमला मान्य नव्हती. बोरिसचे दूत दारात आले तेव्हा पोपना आनंद झाला नसता तरच नवल. म्हणूनच उत्तरांत ‘ग्रीक असं म्हणतात म्हणता? पण आम्हाला तर शास्त्रात तसं कुठे दिसत नाही’ हा सूर पुन्हा पुन्हा लागतो. पॅट्रिआर्कबद्दल मात्र त्यांनीही हात आखडताच घेतला. आधी बिशप येऊ देत, माणसं किती वाढतात ते पाहू, मग आर्चबिशपचं बघू.

विजारीचा तो प्रश्न खरंच आहे का?

आहे, ५९ वं कलम. बल्गार पुरुष आणि बायका दोघंही विजार घालत आणि ग्रीकांनी त्यावरून त्यांच्या मनात काहीतरी भरवून दिलेलं दिसतं.

निकोलस म्हणतात, हा प्रश्न खरं तर गैरलागू आहे. आम्हाला तुमचा पोशाख बदलायचा नाही, आतला माणूस बदलायचा आहे. तरी तुम्ही साधेपणाने विचारलंत, इतर ख्रिस्ती लोकांहून वेगळं वागलो तर पाप लागेल या भीतीने विचारलंत, म्हणून सांगतो. आमच्या ग्रंथांत विजार पुरुषांसाठी सांगितली आहे, बायकांसाठी नाही. तुम्ही आमच्यासारखं केलंत तर बरं. पण खरं सांगायचं तर मनाला येईल ते करा. तुम्ही किंवा तुमच्या बायकांनी विजार घातली काय आणि न घातली काय, त्याने मुक्ती अडत नाही की पुण्य वाढत नाही.

आधी एक पाऊल पुढे, मग एक मागे, मग हात झटकून मोकळं. पण त्यांच्यातला प्रवचनकार काही गप्प बसत नाही. कलम संपता संपता ते संयमाच्या ‘आध्यात्मिक विजारी’चा विषय काढतात: वासना आवरणं हीच खरी विजार, ती घाला!

हे वाचताना गोवा आठवतोच. तिथे १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, हुकूम काढला आणि बाटलेल्या पुरुषांना धोतर नेसायला (तिथे त्याला पुडवें म्हणत) आणि बायकांना चोळी घालायला बंदी केली. चर्च रोमचंच, प्रश्नही तोच: नवा धर्म घेतला की कपडे बदलायचे का? त्याच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधी एका पोपने त्याला ‘मनाला येईल ते करा’ असं उत्तर देऊन ठेवलं होतं. रोममध्ये ते पुरतं विसरलं गेलं होतं असंही नाही. मदुराईच्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांनी जानवं, शेंडी, गंध ठेवावं की नाही या वादात पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२३ साली परवानगीच दिली होती. गोव्यात वारं वेगळं वाहत होतं.

बुधवार-शुक्रवारी अंघोळ चालते का?

ग्रीक म्हणत होते, नाही. इथे निकोलस आपल्या आधीचे थोर पोप ग्रेगरी पहिले (५९० ते ६०४) यांचा दाखला देतात. ग्रेगरींच्या काळी रोममध्ये रविवारच्या अंघोळीवरून वाद झाला होता. त्यांचं म्हणणं असं: चैन म्हणून, अंगाचे लाड म्हणून अंघोळ करायची असेल तर ती कुठल्याच वारी करू नये, शरीराची गरज म्हणून असेल तर रविवारीही करावी. म्हणजे वार बघू नका, हेतू बघा. संबंध पत्रातलं निम्मं नीतिशास्त्र या एका अंघोळीत आलं.

आणखी कोणत्या बारीकसारीक शंका होत्या?

कंबरेला पट्टा नसेल तर कम्युनियन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद) घेता येतं का? येतं. चर्चमध्ये हात छातीशी बांधून उभं राहिलं नाही तर मोठं पाप, हे खरं का? नाही. खच्ची केलेल्या माणसाने मारलेल्या जनावराचं मांस खावं का? खा. शनिवारी काम बंद ठेवायचं का? नाही, फक्त रविवारी. पुरुषांनी डोक्याचं फडकं चर्चमध्ये ठेवावं का? काढून यावं. आजाऱ्याच्या गळ्यात ताईत बांधतो, चालेल का? चालणार नाही. आमच्याकडे एक दगड आहे, त्याने काही लोकांना बरं वाटतं म्हणतात… नको. तलवारीवरची शपथ? तीही नको, देवाच्या नावाने घ्या.

बाळंतिणीने चर्चमध्ये किती दिवसांनी जावं?

त्याच घटकेला आली तरी चालेल, असं उत्तर आहे, आणि तेही ग्रेगरींच्या नावावर असलेलं. ग्रेगरींनी इंग्लंडला धाडलेला मिशनरी, कँटरबरीचा ऑगस्टीन, यानेही अशाच शंका विचारल्या होत्या. बाळंतीण देवाचे आभार मानायला आली तर त्यात पाप कसलं, हे उत्तर तिथलं. पाळी आलेल्या बाईलाही चर्चमधून परत पाठवू नये, असंही त्याच उत्तरांत आहे: ते निसर्गाने येतं, तिचा त्यात काय दोष? तिने आदरापोटी स्वतःहून कम्युनियन घेतलं नाही तर कौतुक करावं, घेतलं तर दोष देऊ नये.

ही उत्तरं खुद्द ग्रेगरींचीच का, यावर वाद आहे. पण निकोलसना शंका नव्हती. आपल्याकडे चौथ्या दिवशीच्या न्हाण्याचे नियम पाठ असलेल्यांना हे उत्तर चांगलंच मोकळं वाटेल. मात्र बाळ अंगावरचं दूध सोडेपर्यंत नवऱ्याने बायकोजवळ जाऊ नये, हेही त्याच पत्रात ग्रेगरींच्याच आधाराने येतं. आपल्या सोयीचं तेवढंच उचलून ‘बघा, किती पुढारलेले’ म्हणणं खरं होणार नाही.

लग्न कशाने लागतं?

दोघांच्या संमतीने. निकोलस आधी रोमची रीत हौसेने सांगतात: साखरपुडा, बोटात अंगठी, देणंघेणं लिहून ठेवलेला कागद, मग चर्चमध्ये दान, आशीर्वाद, डोक्यावरून धरलेलं वस्त्र, बाहेर पडताना मुकुट. लगेच पुढे म्हणतात की यातलं काही झालं नाही तरी पाप नाही, कारण किती लोक इतके गरीब असतात की यातलं काहीच त्यांना जमत नाही. संमती असली की पुरे. आणि संमती नसेल तर बाकी सगळं होऊनही, अगदी संसार होऊनही, ते लग्न नव्हे.

वाक्य साधं वाटतं, पण त्याची किंमत ते स्वतः मोजत होते. लोथारिंगियाचा राजा लोथार दुसरा याला मूल नसलेली राणी थ्योटबर्गा सोडून वाल्ड्राडाशी लग्न करायचं होतं. राणीवर सख्ख्या भावाशी संबंधाचा घाणेरडा आरोप करण्यात आला. त्याच्याच राज्यातल्या बिशपांनी ८६३ साली मेत्सच्या सभेत त्याला हवा तसा निवाडा दिला. निकोलसनी तो रद्द केला, कोलोन आणि ट्रीर इथल्या दोन्ही आर्चबिशपांना पदावरून काढलं, आणि लोथारचा भाऊ सम्राट लुई दुसरा सैन्य घेऊन रोमवर आला तरी शब्द फिरवला नाही. पुढे थकलेल्या राणीनेच ‘मला सोडवा’ म्हणून विनवलं, तर तिलाही नकार. तिला दबावाखाली बोलायला लावलंय, असा त्यांचा समज होता. असेलही. पण तत्त्व सांभाळताना त्या बाईचं काय झालं, हा प्रश्न मला सुटत नाही.

दोन बायका असतील तर?

पहिली ठेवा, दुसरी सोडा आणि प्रायश्चित्त घ्या. सोडलेलीने जायचं कुठे, यावर पत्र काही बोलत नाही.

चोराकडून कबुली कशी घ्यायची?

८६ वं कलम. हे सावकाश वाचण्यासारखं आहे.

बल्गारांची पद्धत अशी: चोर किंवा दरोडेखोर पकडला आणि तो नाकबूल झाला, तर न्यायाधीश त्याच्या डोक्यावर कोरडे ओढणार आणि लोखंडी पराण्यांनी त्याच्या बरगड्यांत टोचत राहणार, खरं बोलेपर्यंत. निकोलस लिहितात की हे ना देवाच्या कायद्यात बसतं, ना माणसाच्या. कबुली मनाने द्यायची असते, पिळून काढायची नसते. मग ते दोन शक्यता मांडतात. समजा एवढा छळ करून काहीच निघालं नाही, तर तुम्हाला लाज वाटणार नाही का? आणि समजा तो माणूस निर्दोष आहे, पण वेदना सोसेना म्हणून ‘हो, मीच केलं’ म्हणाला, तर हे पाप कुणाच्या माथी? खोटं बोलायला ज्याने भाग पाडलं त्याच्याच ना?

पर्यायही देतात. स्वतंत्र माणसावर आरोप आला आणि तीन साक्षीदारांनी तो शाबीत झाला तर शिक्षा करा. नाही झाला, तर त्याने बायबलवर हात ठेवून शपथ घ्यावी आणि प्रकरण तिथेच मिटवावं.

आजच्या कोठडीतल्या कबुलीवर लिहिणाऱ्या वकिलालाही यात फारशी भर घालावी लागणार नाही. अकराशे वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं आणि तेही पोपच्या सहीने. पण त्याच गादीवरून १२५२ साली पोप इनोसंट चौथे यांनी पाखंड्यांची कबुली घेण्यासाठी छळाला परवानगी दिली, आणि १५६० पासून गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या कोठड्यांतही तोच मार्ग चालला. ८६ वं कलम तेव्हाही कुठल्यातरी कपाटात होतंच.

बोरिसने स्वतः कोणतं पाप कबूल केलं?

बाप्तिस्म्यानंतर त्याच्या सरदारांनी बंड केलं. धर्म बदलून राजाने आपल्याला बुडवलं, अशी त्यांची तक्रार होती. बोरिसने ते मोडून काढलं. फ्रँक लोकांच्या बखरीत ५२ पुढाऱ्यांना मारल्याची नोंद आहे. सामान्य लोकांना सोडलं, पण पुढाऱ्यांची मुलंबाळंही कापली. आता तो विचारतो, यात मला पाप लागलं का?

लागलं, असं उत्तर येतं. मुलं बापाच्या कटात नव्हती, त्यांनी तुझ्यावर शस्त्र उगारलं नव्हतं, त्यांना का मारलंस? आणि बापसुद्धा हातात सापडले होते, तर ज्या देवाने त्यांना तुझ्या हाती दिलं त्याच्यासाठी जीव तरी वाचवायचास. एवढं सुनावून पोप हात थोडा सैल सोडतात: तू हे धर्माच्या आवेशात आणि अजाणतेपणी केलंस, प्रायश्चित्ताने शुद्ध होशील. बंडखोरांच्या मुलांच्या जागी आपली मुलं धरून पाहिली की हा सैलपणा टोचतो. पण रोमला एक राज्य हातात येत होतं, हेही विसरून चालत नाही. बंड मोडताना अंगावर होती ती शस्त्रं बोरिसने पोपना भेट पाठवली, तर सम्राट लुई म्हणाला, ती इकडे पाठवा. पोपनी त्यातलं काही दिलंही.

ग्रीक धर्मगुरू असल्याची बतावणी करून लोकांना बाप्तिस्मा देणाऱ्या एकाचे बल्गारांनी नाक-कान कापले होते. त्याबद्दल पोप अधिक स्पष्ट बोलतात. माणूस खोटा असेल, पण त्याने तुम्हाला ख्रिस्ताचंच नाव सांगितलं ना? मग ही शिक्षा अन्यायाची. आणि त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा, पुन्हा घ्यायची गरज नाही.

युद्धाला मनाई केली का?

नाही. गरज नसेल तर कधीच लढू नका, गरज असेल तर लेंटच्या उपवासकाळातही लढा, असा हिशेब आहे. बदलायला सांगितलं ते भोवतालचं. घोड्याच्या शेपटीचं निशाण होतं, तिथे क्रूस लावा. लढाईआधी मुहूर्त, शकुन, मंत्र, खेळ, गाणी चालत; त्याऐवजी प्रार्थना करा, वैरं मिटवा, कैदी सोडा, दानधर्म करा. मोहिमेआधी शस्त्रं-घोडे तपासून ज्याची तयारी नाही त्याचा जीव घ्यायची चाल होती; ही तपासणी मनाची करा, म्हणाले. सरहद्दीवरून कुणी पळाला तर पहारेकऱ्याला ठार करत, तिथेही हात आवरायला सांगितलं.

जे ख्रिस्ती होत नाहीत त्यांचं काय करायचं?

जबरदस्ती करू नका. जे मनापासून नाही ते चांगलं असूच शकत नाही. समजावा, त्यांची चूक दाखवून द्या. पण ऐकलंच नाही तर त्यांच्याशी उठबस ठेवू नका, हेही त्याच उत्तरात आहे. तलवार नको, बहिष्कार चालेल.

आणि याच पत्रात दोन जागा अशा आहेत की वाचताना गार पडायला होतं. बल्गारांकडे सारासेनांची, म्हणजे मुसलमानांची, काही पुस्तकं होती. त्यांचं काय करायचं? जाळा. दुसरी जागा अधिक जिव्हारी लागते. आमचे आईबाप बाप्तिस्म्याशिवाय वारले, त्यांच्यासाठी प्रार्थना करता येईल का? नाही. कारण ते अविश्वासात मेले. विजारीच्या वेळी जो माणूस ‘मनाला येईल ते करा’ म्हणतो, तो इथे एक दारसुद्धा उघडत नाही. विचारणाऱ्याने हे उत्तर ऐकून घरी जाऊन काय केलं असेल?

राजा एकटा जेवतो, यात पाप आहे का?

माझं आवडतं कलम. बल्गार राजा खुर्चीवर बसून वेगळ्या मेजावर एकटा जेवे. राणीसुद्धा सोबत नाही, बाकीचे लांब, खालच्या आसनांवर. निकोलस म्हणतात, हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही, पण रीतीला धरून नाही. आज्ञा करत नाही, सुचवतो. येशू तर जकातदार आणि पापी लोकांच्या पंगतीला बसला. पाप आणि वाईट रीत यांतला फरक पत्रभर कुठे इतक्या हलक्या हाताने दाखवलेला नाही.

मग पुढे काय झालं?

बोरिसला बिशप फॉर्मोसस इतका आवडला की त्यालाच आर्चबिशप करा म्हणून तो अडून बसला. रोमने ऐकलं नाही. निकोलस ८६७ च्या नोव्हेंबरात वारले, त्यांच्या पुढच्या पोपनीही नकारच दिला आणि ८७० साली बोरिस पुन्हा कॉन्स्टँटिनोपलकडे वळला. १०६ उत्तरं देणाऱ्या दरबाराला एक माणूस देववला नाही.

८८९ साली बोरिस राज्य सोडून मठात गेला. गादीवर आलेला थोरला मुलगा व्लादिमीर जुन्या दैवतांकडे परतू लागला, तसा ८९३ मध्ये म्हातारा बोरिस मठातून बाहेर आला, मुलाला पदच्युत केलं, त्याचे डोळे काढवले, धाकट्या सिमेऑनला गादीवर बसवलं आणि परत मठात गेला. ९०७ साली तो वारला. बल्गेरियन चर्च त्याला संत मानतं.